कुलुपांची नोंदवही



कुलूप ही वस्तू आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती दिवसातून चार वेळा तरी येते. तथापि तिच्याकडे आपले लक्ष जाते ते किल्ली हरवली म्हणजेच. एरवी दाराला कुलूप आहे आणि ते लागले आहे, एवढ्यावर आपले समाधान असते. ते कोणत्या जातीचे आहे, त्याच्या पोटात काय आहे, आपण त्याच्यावर टाकलेला भरवसा ते कितपत पेलू शकेल, या प्रश्नांचा विचार करण्याचे आपणांस कारण पडत नाही. पण काही थोड्या माणसांना हे प्रश्न स्वस्थ बसू देत नाहीत. त्यांच्यापैकी कित्येकांनी एक छंद जोपासला आहे. स्वतःच्या मालकीची कुलुपे किल्लीवाचून आणि कोणतीही मोडतोड न करता उघडून पाहणे, हा तो छंद होय. जर्मनीत १९९७ साली अशा हौशी लोकांचा रीतसर संघ स्थापन झाला. पुढे नेदरलँड्स, अमेरिका इत्यादी देशांतही असे संघ निघाले. या मंडळींनी आपल्यापुरते दोन नियम घालून घेतले आहेत. जे कुलूप आपले नाही, त्याला मालकाच्या परवानगीवाचून हात लावायचा नाही, हा पहिला. आणि जे कुलूप दाराला लागलेले आहे, नित्य वापरात आहे, त्यावर प्रयोग करायचा नाही, हा दुसरा.

कुलूप उघडण्याची हातोटी शिकवावी, हा आजच्या भाषणाचा हेतू नाही. हा छंद ज्याने काही काळ केला, त्याच्यापुढे लवकरच दुसरा एक प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. टेबलाच्या खणात वीस-पंचवीस कुलुपे जमतात. त्यांतले कोणते केव्हा उघडले, कोणते कितीदा हरवून गेले, कोणाच्या आत काय निघाले, हे आठवेनासे होते. अशा वेळी संग्रह वाढतो, पण ज्ञान वाढत नाही. येथेच नोंदवहीची गरज लागते. स्वतःपुरता कुलुपांचा एक संदर्भसंग्रह कसा तयार करावा, त्यात काय लिहावे आणि काय लिहू नये, याविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडाव्यात असा विचार आहे.

वस्तू जमवणे आणि वस्तूंची नोंद ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे दाखवणारे एक उत्तम उदाहरण कुलुपांच्याच इतिहासात सापडते. इंग्लंडमध्ये पिट-रिव्हर्स नावाचे एक सेनाधिकारी होते. बंदुकांच्या सुधारणेच्या कामावर असताना, एक रचना दुसरीतून थोड्याथोड्या फरकाने कशी विकसित होते, इकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. मग त्यांनी देशोदेशींच्या साध्यासुध्या वस्तू गोळा करण्यास सुरुवात केली. त्यांत कुलुपे आणि किल्ल्याही होत्या. १८८३ साली त्यांनी प्राथमिक स्वरूपाच्या कुलुपांचा आणि किल्ल्यांचा विकास व प्रसार या विषयावर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठास मिळाला आणि १८८४ साली तेथे त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय स्थापन झाले. त्या संग्रहालयाची मांडणी देशवार नाही, वस्तूच्या प्रकारानुसार आहे. कुलुपाशेजारी कुलूप ठेवले, मग ते कोणत्याही देशातले असो, तरच त्यांच्यातले नाते दिसते, हे त्यामागील तत्त्व होय.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. बँकांच्या तिजोऱ्यांच्या धंद्यातले जॉन मॉसमन यांनी आयुष्यभर जमवलेली कुलुपे तेथील कारागिरांच्या एका जुन्या संस्थेस १९०३ साली दिली. आज त्या संग्रहात ३७० हून अधिक वस्तू आहेत. या संग्रहावर १९२८ साली एक ग्रंथ निघाला आणि त्यामुळे जे कपाटात होते ते अभ्यासकांच्या हाती आले. हौशी माणसाची नोंदवही ही याच वाटेवरची एक लहानशी पायरी आहे.

आता नोंदवहीचा पहिला रकाना कोणता असावा? बहुतेक जण कारखान्याचे नाव पहिल्याने लिहितात. ते चुकीचे नाही. परंतु त्याने अभ्यास पुढे जात नाही. एकच कारखाना चार जातींची कुलुपे करतो, आणि एकाच जातीचे कुलूप चाळीस कारखाने करतात. म्हणून पहिला रकाना यंत्ररचनेचा असावा. ढोबळ मानाने नित्याच्या किल्लीच्या कुलुपांचे चार वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग आडपट्ट्यांचा. यात किल्लीच्या वाटेत धातूच्या अडवणुकी बसवलेल्या असतात. त्यांना चुकवील अशा खाचा किल्लीला पाडल्या की झाले. जुन्या पेट्यांना आणि स्वस्त कुलुपांना ही रचना असते. दुसरा वर्ग लिव्हरचा. यात एकावर एक पातळ पट्ट्या असतात आणि किल्लीने प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीपर्यंतच उचलावी लागते. कमी चालत नाही, जास्तही चालत नाही. हे तत्त्व इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन याने १७७८ साली अमलात आणले. आपल्या बाजारात सहा, सात, आठ लिव्हरची म्हणून जी पितळी कुलुपे मिळतात, ती याच घराण्यातली. तिसरा वर्ग पिनांचा. लाकडी खुंट्यांच्या रूपाने ही कल्पना प्राचीन इजिप्तपर्यंत मागे जाते. पण चपट्या लहान किल्लीचे जे आजचे रूप आहे, ते अमेरिकेतील धाकटे लायनस येल यांच्या १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांपासून रूढ झाले. चौथा वर्ग फिरत्या चकत्यांचा. त्याचा शोध फिनलंडमध्ये एमिल हेन्रिकसन यांनी १९०७ साली लावला. नवे कुलूप हाती आले की ते या चारांपैकी कोठे बसते हे आधी ठरवावे. जे कोठेच बसत नाही, त्याच्यासाठी एक निराळे पान राखून ठेवावे. कधी कधी तेच पान सर्वांत वाचनीय ठरते.

नोंदीत काय टिपायचे हे समजण्यासाठी पिनांच्या कुलुपाची रचना थोडक्यात ध्यानात घेऊ. बाहेर एक स्थिर घर असते आणि त्यात एक गोल गाभा फिरतो. घरातून गाभ्यात उतरणारी पाच-सहा भोके असतात. प्रत्येक भोकात दोन पिना आणि त्यांवर एक स्प्रिंग असते. किल्ली नसताना वरच्या पिना अर्ध्या घरात, अर्ध्या गाभ्यात अडकून राहतात आणि गाभा फिरू देत नाहीत. योग्य किल्ली घातली की सर्व जोड्यांमधील सांधे एकाच रेषेवर येतात आणि गाभा मोकळा होतो. ही सारी भोके जर गणिताच्या काटेकोरपणाने एका ओळीत पडली असती, तर किल्लीवाचून हे कुलूप उघडणे फार कठीण झाले असते. परंतु मनुष्याच्या हातून किंवा यंत्रातून निघालेल्या कोणत्याही वस्तूत केसभर फरक राहतोच. त्यामुळे गाभ्यास किंचित वळण दिले, तर सर्व पिना एकदम अडकत नाहीत. आधी एक अडकते, ती मोकळी झाली की दुसरी, मग तिसरी. हा क्रम प्रत्येक कुलुपाचा निराळा असतो. कारखान्याच्या छापील पत्रकात तो कधीच सापडणार नाही. तो फक्त त्या कुलुपाशी बसलेल्या माणसाच्या वहीतच असू शकतो, आणि अशा वहीचे खरे मोल तेथे आहे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. कुलुपाची नोंद ही एक नोंद नाही. त्या तीन नोंदी आहेत. पहिली प्रकाराची, दुसरी नगाची, तिसरी प्रयत्नाची. प्रकाराच्या पानावर जे त्या जातीच्या सर्व कुलुपांना समान असते ते लिहावे: कारखाना, नाव, रचना, किती पिनांचे किंवा किती लिव्हरचे म्हणून विकले जाते, कडी किती मिलिमीटर जाडीची आहे, किल्लीच्या भोकाचा आकार कसा आहे. नगाच्या पानावर आपल्या हातातील त्या एका कुलुपाचे लिहावे: ते कोठून मिळाले, कोणत्या स्थितीत मिळाले, गंज आहे की काय, अंगावर कोणते आकडे वा शिक्के आहेत, आत प्रत्यक्ष काय आढळले. आणि प्रयत्नाच्या पानावर प्रत्येक बैठकीचे लिहावे: तारीख, कोणते साधन वापरले, कुलूप हातात धरले होते की व्हाइसमध्ये, किती वेळ लागला, उघडले की नाही, पिना कोणत्या क्रमाने अडकल्या. एका प्रकाराचे अनेक नग असू शकतात आणि एका नगावर अनेक प्रयत्न होतात. ही तीन पाने एकात एक मिसळली, की काही महिन्यांनी वहीचा गुंता होतो. ती वेगळी ठेवली, की मागाहून कोणताही प्रश्न विचारता येतो.

याचे एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या लोखंडी सामानाच्या ढिगातून मी एकदा दोन पितळी कुलुपे घेतली. दोहोंवर एकच नाव, एकच आकार, आणि दोहोंवर सहा लिव्हर असल्याचा शिक्का. पहिले कुलूप तिसऱ्या बैठकीत दहा मिनिटांत उघडले. दुसऱ्याने अकरा बैठकांत दाद दिली नाही. प्रकाराचे एकच पान ठेवले असते तर त्यावर काय लिहिले असते? पहिले कुलूप आधी हाती आले असते तर "दुबळे", आणि दुसरे आधी आले असते तर "अभेद्य". अशी कुलुपे रिव्हेट ठोकून बंद केलेली असतात. मोडल्यावाचून त्यांच्या पोटात पाहता येत नाही. म्हणून त्यांतले एकच, पहिले, मी कानशीने रिव्हेट काढून उघडले. शिक्क्याप्रमाणे लिव्हर सहाच होते. परंतु त्यांतील दोघांच्या स्प्रिंगा गंजून गळून पडल्या होत्या, आणि उरलेल्या चारांवरच काम चालले होते. म्हणजे दोष प्रकाराचा नव्हता, वयाचा होता. दुसरे कुलूप मी तसेच शाबूत ठेवले आहे, आणि त्याच्या पानावर "आतील लिव्हर: पाहिलेले नाहीत" असे लिहिले आहे.

"पाहिलेले नाहीत" हे दोन शब्द क्षुल्लक वाटतील, पण सर्व नोंदवहीचा प्रामाणिकपणा त्यांच्यावर उभा असतो. रिकामा रकाना दोन गोष्टी सुचवतो: एक तर ती गोष्ट कुलुपात नाही, किंवा आपण ती तपासली नाही. वर्षभराने वही उघडणाऱ्याला यांतले खरे कोणते हे कळायला मार्ग नसतो. म्हणून "आहे", "नाही" आणि "पाहिलेले नाही" असे तीन निरनिराळे शब्द ठरवून घ्यावेत आणि रकाना कधीही कोरा ठेवू नये. त्याचप्रमाणे जे कुलुपावर छापले आहे ते एका रकान्यात आणि जे आपण मोजले ते दुसऱ्या रकान्यात लिहावे. दोन्ही जुळले तर उत्तमच. न जुळले तर तीच त्या पानावरची सर्वांत उपयुक्त ओळ होय. दुकानदाराचे शब्द आणि आपले डोळे यांचा एकाच रकान्यात संकर होऊ देऊ नये.

शब्दांच्या बाबतीतही अशीच शिस्त हवी. बोटांना जे जाणवते ते लिहिणे सर्वांत कठीण असते. "जरा घट्ट", "बरेच सैल", "काहीसे विचित्र" अशी विशेषणे त्या संध्याकाळी अगदी स्पष्ट वाटतात आणि महिन्याने निरर्थक होतात. त्यापेक्षा सात-आठ ठरावीक शब्द निवडून त्यांचे अर्थ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. एक उदाहरण घेऊ. कित्येक चांगल्या कुलुपांत वरच्या पिना सरळ दांडीसारख्या नसतात, तर डमरूप्रमाणे मध्ये बारीक केलेल्या असतात. अशी पिन अर्धवट उचलली, की गाभा थोडासा वळतो आणि आता कुलूप उघडलेच असा भास होतो. प्रत्यक्षात ती बारीक कंबर रेषेवर अडकलेली असते. या अनुभवाला "खोटे वळण" असे एकच नाव दिले आणि सर्वत्र तेच वापरले, तर पुढे एका दृष्टिक्षेपात कळते की संग्रहातल्या कोणकोणत्या कुलुपांत डमरूच्या पिना असण्याचा संभव आहे. मापे मिलिमीटरमध्ये, वेळ मिनिटांत, तारीख एकाच पद्धतीने; एवढे केले तरी अर्धे काम झाले.

नोंदीत अपयशालाही यशाइतकीच जागा द्यावी. जे कुलूप उघडले नाही, त्यावर किती वेळ घालवला, काय करून पाहिले, कोठे अडले, हे लिहिलेच पाहिजे. ज्या वहीत केवळ विजयच आहेत, ती प्रौढीची वही होते, अभ्यासाची नाही. शिवाय कुलुपाचा गुण ठरतो तो त्याने किती जणांना किती वेळ थोपवून धरले यावरच. तेव्हा आपले अपयश हे कुलुपाचे प्रशस्तिपत्र असते आणि ते त्याला न देणे हा अन्याय होईल.

कुलूप खोलून पाहण्याचे काम सावकाशीने करावे. पिनांचा गाभा बाहेर काढताना त्याच्या मागोमाग त्याच जाडीची एक गोल दांडी सरकवीत नेली, तर वरच्या पिना आणि स्प्रिंगा उसळून बाहेर पडत नाहीत. काढलेल्या पिना खणाखणांच्या डबीत किल्लीच्या बाजूने क्रमवार ठेवाव्यात आणि प्रत्येकीची लांबी कॅलिपरने मोजावी. त्या ओळीचे छायाचित्र घ्यावे. शेजारी मोजपट्टी आणि एका चिठ्ठीवर कुलुपाचा क्रमांक असावा. क्रमांक नसलेले छायाचित्र हे नाव नसलेल्या उत्तरपत्रिकेसारखे असते: सुंदर असूनही गुण कोणाला द्यावेत हे कळत नाही. प्रत्येक नगाला एकदा दिलेला क्रमांक कायमचा असावा. कुलूप मोडले, दिले, हरवले, तरी तो क्रमांक दुसऱ्यास देऊ नये. आज बहुतेक जण ही नोंद संगणकावर ठेवतात, आणि शोधण्याच्या दृष्टीने ते सोयीचे आहे. तरी सुरुवातीची पन्नास कुलुपे जाड कागदाच्या कार्डांवर लिहावीत, असा माझा अनुभवाने झालेला आग्रह आहे. कोणते रकाने खरोखर लागतात आणि कोणते केवळ शोभेचे आहेत, हे हाताने लिहितानाच कळते. संगणकावर गेल्यानंतर मात्र एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवण्यास विसरू नये.

येथवर नोंदवहीत काय लिहावे हे सांगितले. आता काय लिहू नये या प्रश्नाकडे वळतो, कारण या छंदाची खरी कसोटी तेथेच लागते. कुलुपांच्या उणिवांविषयी लिहावे की न लिहावे, हा वाद जुना आहे. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेले होते आणि ते उघडणारे साधन जो करील त्याला दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर केलेले होते. कित्येक दशके ते कोणी उघडले नाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने अमेरिकेचे आल्फ्रेड हॉब्ज तेथे आले. त्यांनी प्रथम चब कंपनीचे नामांकित कुलूप पंचांसमक्ष २५ मिनिटांत उघडले आणि नंतर ब्रामांच्या कुलुपावर बसले. सोळा दिवसांत विभागलेल्या ५१ तासांच्या श्रमानंतर तेही उघडले. त्या कुलुपात अठरा सरकत्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टी किती खोल दाबावी लागते याचे माप काढल्यावाचून हे काम होणारे नव्हते. हॉब्जच्या यशात हाताच्या कौशल्याइतकाच या चिकाटीच्या मोजणीचा वाटा होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

लंडनच्या लोकांत यामुळे मोठी खळबळ उडाली. अशा गोष्टींची जाहीर चर्चा करणे म्हणजे चोरांना शिकवणे होय, असा आक्षेप घेण्यात आला. हॉब्ज यांच्या साहित्यावरून चार्ल्स टॉमलिन्सन यांनी संपादित केलेला कुलुपांवरचा ग्रंथ १८५३ साली निघाला, त्यात या आक्षेपाला उत्तर आहे. त्याचा आशय असा की, चोर आपल्या धंद्यात आधीच निष्णात असतात. अज्ञानात राहतो तो कुलूप विकत घेणारा सज्जन. उणीव उघड झाली तर नुकसान सज्जनाचे होत नाही, उलट त्याला सावध होण्याची संधी मिळते. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा अनुभव या मताच्या बाजूचा आहे. कुलुपे सुधारली ती त्यांच्या उणिवा झाकल्यामुळे नव्हे, उघड झाल्यामुळे.

तथापि या तत्त्वालाही मर्यादा आहे, आणि ती आपल्या काळात अधिक स्पष्ट झाली आहे. एखाद्या जातीच्या कुलुपाची उणीव सांगणे निराळे, आणि एखाद्या घराच्या कुलुपाची किल्ली सांगणे निराळे. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी दाखवून दिले की किल्लीचे नुसते छायाचित्र मिळाले तरी संगणकाच्या साहाय्याने तिच्या खाचांची मापे काढता येतात. त्यांनी जवळजवळ दोनशे फुटांवरच्या छपरावरून टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचे छायाचित्र घेऊन हे करून पाहिले. त्यानंतर २०१४ साली अमेरिकेतील एका वृत्तपत्रात विमानप्रवाशांच्या बॅगांची कुलुपे उघडणाऱ्या सरकारी मुख्य किल्ल्यांचे छायाचित्र छापून आले, आणि २०१५ साली त्यावरून घरगुती यंत्रावर तशा किल्ल्या तयार करण्याचे आराखडे सर्वांना मिळू लागले. तेव्हा किल्लीचे चित्र म्हणजे किल्लीच, असे आज मानले पाहिजे. आपण किल्ली शेजाऱ्याच्या हाती देताना विचार करतो. तिचे चित्र देतानाही तेवढाच केला पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी की नोंदवहीचे दोन भाग करावेत. एक उघडा आणि एक बंद. उघड्या भागात रचना, मापे, अनुभव, प्रयत्न या सर्व गोष्टी असाव्यात. हा भाग स्नेह्यांना दाखवावा, विद्यार्थ्यांना दाखवावा, जाणकारांशी त्याची देवाणघेवाण करावी. बंद भागात किल्लीच्या खाचांची मापे आणि किल्ल्यांची छायाचित्रे असावीत, आणि तीही केवळ संग्रहातल्या, म्हणजे कोणत्याही दाराला न लागलेल्या कुलुपांची. जे कुलूप आपल्या किंवा दुसऱ्याच्या दाराला आहे, त्याचे पान मुळी उघडूच नये. कुलूप कोणाकडून मिळाले हे लिहिताना गाव आणि बाजार पुरे. देणाऱ्याचे नाव आणि घर लिहू नये. ज्या स्नेह्याने जुने कुलूप हौसेने दिले, त्याच कारखान्याचे त्याच किल्लीचे दुसरे कुलूप त्याच्या माडीच्या दाराला नाही कशावरून? आणि एखाद्या बाजारात चालू असलेल्या कुलुपात खरोखरच गंभीर उणीव आढळली, तर ती प्रथम कारखान्यास कळवावी, त्यांना सुधारण्यास वाजवी अवधी द्यावा, आणि मगच तिची वाच्यता करावी.

कायद्याचाही विसर पडता कामा नये. मुंबई राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यात, जो आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत संशयास्पद परिस्थितीत घरफोडीचे साधन सबळ कारणावाचून जवळ बाळगणे हा अपराध मानला आहे. आकडीला आणि पट्टीला आपला हेतू बोलून दाखवता येत नाही. म्हणून ही साधने घरातल्या टेबलावरच राहावीत. ती खिशात घालून हिंडण्याचे काहीच प्रयोजन नाही. अशा वेळी तारीखवार लिहिलेली आणि प्रत्येक कुलूप आपल्या मालकीचे कसे झाले हे सांगणारी नोंदवही छंदाची साक्ष देते. मात्र तिच्यावर विसंबून नियम मोडण्याचे धाडस कोणी करू नये.

अखेर कोणी विचारील की या सर्व खटाटोपाचा उपयोग काय? एक उपयोग घरगुती आहे. ज्याने पन्नास कुलुपांचे अंतरंग पाहिले, तो दुकानात गेल्यावर चकाकीला भुलत नाही. दार ज्या कोयंड्यावर आणि चौकटीवर उभे आहे तेच कमजोर असेल तर महागड्या कुलुपाने काही साधत नाही, हेही त्याला कळते. दुसरा उपयोग अधिक व्यापक आहे. आपल्या देशातील कुलुपांचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. अलीगढच्या गल्ल्यांतून पिढ्यान् पिढ्या कुलुपे घडली. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली कुलुपांचा कारखाना काढला. तामिळनाडूतील दिंडिगलच्या हाताने घडवलेल्या कुलुपांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण गेल्या शतकात आपल्या घराघरांतून जी हजारो प्रकारची कुलुपे वापरली गेली, ती आता भंगारात जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या घडणीचे ज्ञानही वितळत आहे. आपल्या भाषेतल्या शब्दांचेही तसेच आहे. आगळ, अडसर, कोयंडा, खिट्टी हे शब्द नव्या पिढीच्या कानावर क्वचितच पडतात. 'चावी' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आणि 'कुलूप' हा अरबीतून, हे किती जणांना ठाऊक असते? कोणी संग्राहक जुन्या कुलुपाच्या पानावर ते कोणत्या प्रकारच्या दाराला, कोणत्या कडीत अडकवीत असत, आणि त्याच्या भागांना घरातली वडीलधारी माणसे काय म्हणत, एवढे जरी लिहून ठेवील, तरी तो पुढच्या अभ्यासकावर उपकारच करील.

ज्यांना हे काम करून पाहावेसे वाटत असेल, त्यांनी फार मोठी तयारी करीत बसू नये. घरातल्या अडगळीत किल्ली हरवलेले एखादे कुलूप बहुधा असतेच. ते पुसून स्वच्छ करावे, पट्टीने मोजावे, अंगावरचा शिक्का उजेडात वाचावा, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला ते कधी घेतले ते विचारावे, आणि एका कार्डावर पहिला क्रमांक घालून हे सारे लिहावे. ते उघडते की नाही हा प्रश्न त्यानंतरचा आहे. ज्या वस्तूवर आपण रात्री निर्धास्त झोपतो, ती वस्तू एकदा तरी नीट पाहावी, एवढीच या नोंदवहीची मागणी आहे.